चिखलदऱ्याची सहल, ज्येष्ठांच्या पावलाने

मे महिना लागला की अमरावती-अकोल्याच्या घराघरांतून एक संवाद हमखास ऐकू येतो. नातवंडांच्या शाळा सुटलेल्या असतात. कूलरच्या वाळ्यावर कितीही पाणी मारले तरी दुपार सरत नाही. अशा वेळी कोणीतरी म्हणते, ‘दोन दिवस चिखलदऱ्याला जाऊन येऊ.’ बेत ठरतो, गाडी ठरते, खोल्या ठरतात आणि मग सर्वांच्या नजरा घरातील थोरल्या माणसाकडे वळतात. त्यांना न्यावे की ठेवावे?

या प्रश्नाची दोन उत्तरे आपण नेहमी देतो आणि दोन्ही अपुरी असतात. पहिले उत्तर, ‘त्यांना झेपायचे नाही, त्यांना घरीच राहू द्या.’ परंतु ज्या अकोल्यात मे महिन्याचा पारा ४५ अंशांच्याही वर जातो, तेथे रिकाम्या घरात, वीज गेली तर कूलरही बंद, अशा अवस्थेत वृद्ध माणसाला एकटे ठेवणे ही काही सुरक्षित निवड नव्हे. दुसरे उत्तर, ‘घेऊन जाऊ, ते खोलीत बसतील.’ म्हणजे माणूस डोंगरावर जातो, पण सामानासारखा. सर्वजण फिरून येतात आणि त्याला छायाचित्रे दाखवतात.

या लेखात तिसरे उत्तर मांडायचे आहे. ज्येष्ठांनी डोंगरावर जावे, आपल्या पायांनी चालावे, उघड्यावरचा आनंद घ्यावा. मात्र सहलीचे वेळापत्रक तरुणांच्या हौसेने नव्हे, तर ज्येष्ठांच्या शरीराच्या गतीने आखावे. हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझ्या आईकडून शिकले, आणि तेही चूक केल्यानंतर.

जावयाला कसे सांगू?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आई तेव्हा बहात्तर वर्षांची होती. रक्तदाबाची गोळी रोज सकाळी, गुडघे थोडे कुरकुरणारे, बाकी प्रकृती उत्तम. आम्ही अमरावतीहून सकाळी निघालो. निघता निघता उशीर झालाच. परतवाड्याला मुलांसाठी थांबलो, घाट चढलो आणि साडेदहा-अकराच्या सुमारास थेट एका पॉइंटवर गाडी उभी केली. मुले धावत कठड्याकडे गेली. आई गाडीतून उतरली, चार पावले चालली आणि माझ्या डोळ्यांदेखत खाली बसली. बसली म्हणण्यापेक्षा कोसळली. चेहरा पांढरा पडलेला, कपाळावर गार घाम. क्षणभर तिने मला ओळखलेही नाही.

सावलीत आडवी केली, पाय उंचावले, शुद्धीवर आल्यावर घोटघोट पाणी दिले. काही मिनिटांत ती सावरली. हाड मोडले नाही, डोक्याला मार लागला नाही, हे केवळ दैव. त्या दिवशी आम्ही पुढे कोठेही गेलो नाही. संध्याकाळी ओसरीवर बसल्यावर मी विचारले, ‘आई, सकाळपासून पाणी किती प्यायलीस?’ तिने आधी उत्तर टाळले. मग हळूच म्हणाली, ‘जावयाले कशी म्हनू वं, गाडी थांबवा म्हनून? त्याच्यानं पानीच नाही पेली मी.’

वाचकहो, मी वैद्यकीय व्यवसायात आहे. रुग्णांना पाणी पिण्याचा उपदेश मी दिवसातून दहा वेळा करते. माझी आई माझ्याच शेजारच्या आसनावर पाच तास तहानलेली बसली होती आणि मला कळले नाही. परतवाड्याला मुलांना विचारले होते, तिला विचारले नव्हते. तिला तहान सोसवली, पण स्वच्छतागृहासाठी गाडी थांबवायला सांगणे सोसवले नाही. आपल्या घरातल्या कितीतरी आया, सासवा आणि आजोबाही प्रवासात हेच करतात. म्हणून ज्येष्ठांच्या सहलीची तयारी पाण्याच्या बाटलीपासून नव्हे, तर गाडी कोठे थांबणार येथून सुरू होते.

त्या सकाळी शरीरात काय घडले?

वय वाढते तसे तहानेची जाणीव मंद होते. शरीराला पाणी हवे असते, पण मेंदूकडून तसा निरोप उशिरा येतो. शरीरातील पाण्याचा एकूण साठाही तरुणपणापेक्षा कमी असतो, आणि मूत्रपिंडे पाणी राखून ठेवण्यात पूर्वीइतकी तत्पर राहत नाहीत. घामही कमी येतो, त्यामुळे उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग अरुंद होतो. म्हणूनच ‘मला तहान नाही’ हे वृद्ध माणसाचे वाक्य खरे असूनही फसवे असते.

त्यात औषधांची भर पडते. रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारा घटक असतो. काही गोळ्या हृदयाची गती मंद ठेवतात, तर काही रक्तवाहिन्या सैल करतात. घरी कूलरसमोर बसलेल्या माणसाला या गोळ्या उत्तम मानवतात. तोच माणूस पाण्याविना पाच तास गाडीत बसून, भर उन्हात एकदम उभा राहिला की रक्त पायांकडे उतरते, दाब घसरतो आणि मेंदूला क्षणभर पुरेसे रक्त मिळत नाही. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर वैद्यकशास्त्र त्याची दखल घेते. आईच्या बाबतीत नेमके हेच झाले असावे. डोंगराचा त्यात काही दोष नव्हता.

येथे एक गैरसमज दूर करावा. ‘उंचीवर श्वास लागतो’ अशी भीती अनेकांना असते. विरळ हवेचा खरा त्रास साधारणतः २५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. हिमालयातील यात्रांना तो विचार करावा लागतो. चिखलदरा सुमारे १११८ मीटरवर आहे. त्यामुळे तेथे चालताना धाप लागली, छाती भरून आली, तर उंचीला बोल न लावता हृदयाची किंवा फुप्फुसांची तपासणी करून घ्यावी.

थंड हवेचे ठिकाण, पण किती थंड?

विदर्भाचे हे एकमेव थंड हवेचे ठिकाण. १८२३ साली हैदराबाद कंटिन्जंटचा कॅप्टन रॉबिन्सन येथे पोहोचला आणि इंग्रज अधिकाऱ्यांची उन्हाळ्यातली वस्ती येथे रुजली. महाभारतातल्या कीचकाला भीमाने मारून येथल्या दरीत लोटले, ती कीचकदरा, अशी लोककथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. कॉफीची झाडे येथे दिसतात. महाराष्ट्रात अन्यत्र ती सहसा दिसत नाहीत.

पण ‘थंड हवा’ या शब्दाने बेसावध होऊ नये. उंचीचा हिशेब सरळ आहे. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. अमरावती सुमारे ३४० मीटरवर आहे. म्हणजे चिखलदरा तिच्याहून साधारण पाऊणशे दशक मीटर, म्हणजे पाऊण किलोमीटर उंच. फरक पडतो पाच अंशांचा. खाली ४४ असेल तर वर दुपारी ३८-३९ असणारच. पहाट आणि रात्र मात्र खरोखर सुखद असते. त्याशिवाय मे महिन्यात धबधबे आटलेले असतात, सागाची पाने गळून गेल्याने रानात सावली विरळ असते आणि उघड्या कड्यांवर ऊन थेट अंगावर येते. चिखलदऱ्याची दुपार ही अमरावतीची थोडी सौम्य दुपारच असते. तेथील सकाळ आणि संध्याकाळ मात्र अमरावतीला मिळत नाही. सहलीचे सारे गणित या एका वाक्यात आहे.

निघण्याआधीचे पंधरा दिवस

डोंगरावर जाऊन चालायला सुरुवात करू नये, चालण्याची सुरुवात घरी करावी. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि आठवड्यातून तीन वा अधिक दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सुचवते. निघण्यापूर्वी दोन आठवडे रोज सकाळी ऊन चढण्याआधी दहा मिनिटे चालावे, हळूहळू वीस-पंचवीस मिनिटांपर्यंत जावे. स्वयंपाकघराच्या ओट्याला हात टेकून आधी एका पायावर, मग दुसऱ्या पायावर दहा-दहा सेकंद उभे राहावे. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठण्या-बसण्याचा सराव करावा. जिन्याच्या पाच-सहा पायऱ्या चढाव्या-उतराव्यात. यात दमछाक झाली, तर सहल रद्द न करता सहलीतले चालणे कमी करावे.

आपल्या डॉक्टरांना एकदा भेटावे आणि तीन प्रश्न विचारावेत. माझ्या औषधांपैकी कोणत्या गोळ्यांचा उन्हाशी संबंध आहे? प्रवासाच्या दिवशी त्या केव्हा घ्याव्यात? दिवसाला किती पाणी चालेल? तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा, कारण हृदय वा मूत्रपिंड दुर्बल असणाऱ्यांना पाण्याचे माप ठरवून दिलेले असते. त्यांना ‘भरपूर पाणी प्या’ हा सरसकट सल्ला अपायकारक ठरतो. मात्र स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नये.

मधुमेहींनी इन्सुलिन उभ्या गाडीत कधीही ठेवू नये. बंद गाडी उन्हात भट्टी होते आणि औषधाचा गुण जातो. लहान मातीचे मडके, त्याभोवती ओले फडके आणि आत पिशवीत गुंडाळलेली कुपी, ही जुनी युक्ती प्रवासात उपयोगी पडते. बर्फाला मात्र कुपीचा थेट स्पर्श होऊ देऊ नये.

घाटाचा रस्ता

पहाटे साडेपाचला निघावे. परतवाडा अमरावतीहून पन्नासएक किलोमीटर, तेथून घाटाचा रस्ता सुमारे तीस किलोमीटर. उन्हाचा चटका बसण्याआधी खोलीत पोहोचता येते. अकोल्याकडील वाचकांना अकोट-अंजनगाव मार्गे परतवाडा गाठायचे असल्याने त्यांनी आणखी लवकर निघावे किंवा परतवाड्यात मुक्काम करून पहाटे घाट चढावा.

गाडी दर तासाने थांबेल, हे निघतानाच मोठ्याने जाहीर करावे. कोणी मागितले म्हणून नव्हे, तर नियम म्हणून. ही एवढी एक घोषणा ज्येष्ठांचा सारा संकोच दूर करते. मी आता गाडी सुरू होण्यापूर्वीच सांगते, ‘पहिला थांबा अमुक ठिकाणी, सर्वांनी उतरायचे.’ आई तेव्हापासून निमूटपणे पाणी पिते. दर अर्ध्या-पाऊण तासाला अर्धा पेला पुरे. ताक, पन्हे किंवा सातूचे पातळ पीठही चालते. पण पन्ह्यात साखर आणि ताकात मीठ किती, हे मधुमेह व रक्तदाब पाहून ठरवावे.

वळणांचा त्रास होणाऱ्यांना पुढच्या आसनावर बसवावे, नजर लांबच्या रस्त्यावर ठेवायला सांगावे. पोट रिकामे नको आणि जडही नको. उलटीवरच्या काही गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, गोंधळल्यासारखे होते आणि प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्या पुरुषांची लघवी अडू शकते. म्हणून शेजाऱ्याने दिलेली गोळी घेऊ नये. पोहोचल्यावर आधी गाडीतच पाय बाहेर काढून बसावे, पोटऱ्या दहा-बारा वेळा आवळाव्यात-सोडाव्यात, मग उभे राहावे, आणि मिनिटभर दाराला धरून थांबल्यावरच पहिले पाऊल टाकावे.

दिवसाचे तीन भाग

सकाळ ही चालण्याची वेळ. मे महिन्यात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास उजाडते. लख्ख दिसू लागल्यावर निघावे, त्याआधी नव्हे. मेळघाट म्हणजे १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक. आसपासच्या रानात वाघ-बिबट्यांबरोबर अस्वलेही आहेत आणि मोहाच्या मोसमात ती झाडांखाली येतात. अंधारात, एकट्याने, पायवाटेने फिरणे येथे कोणत्याही वयात शहाणपणाचे नाही. गावातील डांबरी रस्त्याने, सोबत घेऊन, वीस ते चाळीस मिनिटे चालावे. वेग किती असावा? सोबतच्या माणसाशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, हा मध्यम वेग. वाक्य पुरे होण्याआधी श्वास घ्यावा लागला की थांबावे. नाडी मोजण्यापेक्षा ही कसोटी बरी, कारण हृदयगती मंद ठेवणारी गोळी घेणाऱ्यांची नाडी श्रम होऊनही फारशी वाढत नाही.

चढ श्वासाचा, उतार गुडघ्यांचा. चढताना माणूस दमतो आणि थांबतो. उतरताना दम लागत नाही, म्हणून तो थांबत नाही आणि रात्री गुडघे सुजतात. पॉइंटच्या पायऱ्या उतरण्याआधी त्या परत चढायच्या आहेत, हे मोजून घ्यावे. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. ताठ उभे राहून हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी जेथे येते, तेवढी तिची उंची असावी. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. सपातांऐवजी टाच बंद असलेले, तळ न घसरणारे बूट घालावेत. सुकलेल्या सागाच्या पानांवर पाय फार लवकर घसरतो.

दुपार ही विश्रांतीची वेळ. अकरा ते साडेचार कोणताही पॉइंट नाही, कोणताही किल्ला नाही. सुती कपडे, ओला पंचा मानेवर, हलके जेवण, झोप. नातवंडांना आजोबांच्या हवाली करण्याची हीच वेळ; पत्ते, सागरगोटे, गोष्टी. यालाही व्यायाम म्हणावे, कारण बैठकीतून दहा वेळा उठणे-बसणे होते.

संध्याकाळ पुन्हा बाहेर पडण्याची. उन्हे कलली की गाडीने पॉइंटपर्यंत जावे आणि शेवटचे शंभर-दोनशे पावलांचे अंतर चालावे. सूर्य मावळताना कड्यावरचा वारा अंगावर घेत बसणे, हे ज्या ज्येष्ठांना वर्षभर चार भिंतींत काढावे लागते, त्यांच्यासाठी कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही. रात्री जेवणानंतर अंगणात खुर्ची टाकून तारे पाहावेत. एक पातळ शाल जवळ असू द्यावी.

कोठे जावे, कोठे थांबावे

हरिकेन पॉइंटसारख्या जागी उभे राहिले की समोर गाविलगड दिसतो. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो घेतला. किल्ला पाहायला वरवरचा वाटला तरी आतील अंतर मोठे आहे, वाट दगडी आहे आणि उन्हाळ्यात आसरा कमी. ज्यांना घरच्या सरावात चाळीस मिनिटे सहज चालता आले, त्यांनी सकाळी दरवाजापर्यंत जावे. इतरांनी समोरच्या कड्यावरून पाहावा. किल्ला दुरूनच अधिक उमगतो, असे माझी आई म्हणते आणि मला ते पटते.

भीमकुंडाला दरीच्या काठावरूनच दर्शन घडते. पंचबोलला नातवंडांनी हाक मारावी आणि आजी-आजोबांनीही मारावी. पोटातून श्वास घेऊन जोरात हाक घालणे फुप्फुसांना चांगलेच, आणि डोंगराचे उत्तर आले की हसूही येते. मात्र मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी व हर्नियाचा त्रास असलेल्यांनी हाकेचे काम नातवंडांवर सोपवावे. देवी पॉइंटला जाताना पायऱ्यांचा विचार करावा. दर्शन वरूनही पोहोचते. सेमाडोहच्या बाजूला गेलात, तर तेथल्या रबडीचा मोह होईल. मधुमेहींनी दोन चमचे चाखावी आणि त्या दिवशीचा दुसरा गोड पदार्थ सोडावा. रानातील जीपच्या सफारीत पाठीला हिसके बसतात. हाडे ठिसूळ झाल्याचे निदान असेल तर ती टाळावी, अन्यथा पुढच्या आसनावर, पाठीशी उशी घेऊन बसावे.

पॉइंटवर खाण्याची पिशवी हातात उघडी धरू नये. माकड पिशवीला झोंबते, माणूस ती सोडत नाही आणि पडतो तो माणूस.

अकोलेकरांना एका दिवसाची सहल हवी असेल, तर अकोटजवळच्या शहानूर गावावरून नरनाळा किल्ल्यावर जाता येते. तो वनखात्याच्या हद्दीत असल्याने प्रवेशाची चौकशी आधी करावी. महाकाली दरवाजाचे कोरीव काम सावकाश बघण्यासारखे आहे. तथापि उंची चिखलदऱ्याहून कमी आणि ऊन तितकेच प्रखर, म्हणून उन्हाळ्यात पहाटे जाऊन दहाच्या आत खाली उतरणे, एवढीच त्याची मर्यादा समजावी.

सोबत करणाऱ्यांसाठी

मेळघाटात अनेक ठिकाणी फोनला संपर्क मिळत नाही. म्हणून औषधांची यादी, रक्तगट आणि डॉक्टरांचा क्रमांक कागदावर लिहून ज्येष्ठांच्या खिशात ठेवावा. गंभीर प्रसंगी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. चिखलदऱ्याचे ग्रामीण रुग्णालय आणि अचलपूरचे उपजिल्हा रुग्णालय कोणत्या रस्त्याला आहे, हे पोहोचल्याच्या दिवशीच पाहून ठेवावे.

पुढील खुणा ओळखाव्यात:

— लघवी गडद पिवळी व कमी होणे, तोंड कोरडे पडणे, चिडचिड किंवा अकारण सुस्ती. सावली, पाणी, विश्रांती. पुडीतील जलसंजीवनी द्यायची तर पुडीवर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात विरघळवावी.

— डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे, उभे राहताच अंधारी. आडवे करावे, पाय उंच ठेवावेत, ओल्या फडक्याने अंग पुसावे. अर्ध्या तासात उतार न पडल्यास डॉक्टरांकडे न्यावे.

— असंबद्ध बोलणे, माणसे न ओळखणे, तापलेले अंग, शुद्ध हरपणे. हा उष्माघात समजावा. १०८ ला कळवावे आणि वाट पाहत न बसता अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, मान, काख व जांघेत गार पट्ट्या ठेवाव्यात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीने ही उष्णता उतरत नाही.

— छातीत दाब, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, चालताना अवचित धाप. सहल तेथेच संपली असे समजून थेट रुग्णालयात न्यावे.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला नवी खोली रात्री परकी वाटते. ती उठते, दार शोधते आणि पडते. घरची चादर, घरची उशी, स्वच्छतागृहाकडे जाणारा मंद दिवा आणि दाराला लावलेली छोटी घंटी, एवढी सोय केली तर रात्र शांत जाते. खोली तळमजल्यावर आणि कमोड असलेली मागून घ्यावी. ही मागणी करताना संकोच वाटू देऊ नये.

आणि काळजी घेणाऱ्यांनो, एक गोष्ट आपल्यासाठी. सहल ही आपलीही आहे. दोन दिवसांपैकी एक संपूर्ण संध्याकाळ भावाने, नणंदेने किंवा मोठ्या नातवाने आजीजवळ बसावे आणि वर्षभर तिची उस्तवार करणाऱ्या सुनेने किंवा मुलीने एकटीने दरीकाठी फिरून यावे. थकलेल्या हातांनी घेतलेली काळजी लवकरच चिडचिडीत बदलते, आणि त्या चिडचिडीचा पहिला घाव वृद्धांनाच बसतो.

पुन्हा त्याच कठड्यापाशी

पुढच्याच उन्हाळ्यात आम्ही पुन्हा गेलो. आई आधी नको म्हणत होती. ‘तुमाले त्रास होते माया,’ हे तिचे कारण. खरे कारण भीती होती. पडण्याची कमी, ओझे होण्याची अधिक. पंधरा दिवस आम्ही दोघी रोज सकाळी गल्लीतून चाललो. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलून दिली. गाडी नियमाने थांबत गेली आणि पहिल्या थांब्यावर सर्वांत आधी माझे यजमान उतरले, तेही मुद्दाम.

संध्याकाळी साडेपाचला त्याच कठड्यापाशी आई काठी टेकत गेली. ऐंशी पावले असतील. मधे एकदा थांबली, झाडाच्या बुंध्याला हात लावून उभी राहिली, मग पुढे गेली. कठड्याला धरून तिने समोरची दरी बराच वेळ पाहिली. नातीने विचारले, ‘आजी, दमलीस?’ ती म्हणाली, ‘दमली नं. पन आली ना चालत.’

वाचकहो, या उन्हाळ्यात आपल्या घरात तो नेहमीचा संवाद सुरू होईल, तेव्हा ‘न्यावे की ठेवावे’ असे आपसांत विचारू नका. ज्यांच्याबद्दल बोलणे चालले आहे, त्यांच्यासमोर बसा आणि विचारा, ‘आपल्याला कोठवर चालत यायला आवडेल?’ मग गाडीचे थांबे ठरवा.